मेंदूच्या विकारांवर पीएच.डी. करू इच्छिणाऱ्यांस

राजगडाच्या पायथ्याकडच्या रानात आणि भोरच्या बाजूने घाटाकडे चढत गेलेल्या झाडीत हिवाळा लागला की कुंपणांवर पसरलेल्या एका वेलीला सोनेरी-तपकिरी लवेने मढलेल्या वाकड्या शेंगांचे घोस लोंबू लागतात, आणि गुरांमागे हिंडणाऱ्या पोरांना त्या लवेपासून अंग कसे राखावे याचे शिक्षण शाळेत नाव घालण्यापूर्वीच मिळालेले असते. ही खाजकुइली. तिच्या बियांत लेव्होडोपा नावाचे द्रव्य शेकडा चार ते सहा या प्रमाणात सापडते. मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी या संशोधकांनी ते १९३७ साली बियांतून शुद्ध रूपात वेगळे काढले, तेव्हा कंपवाताशी त्याचा काही संबंध असेल अशी कल्पनाही कोणास नव्हती. पुढे वीस वर्षांनी, १९५७ साली, स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी सर्पगंधेतील रेझरपिन दिल्यामुळे निश्चेष्ट पडलेल्या प्राण्यांना हेच द्रव्य टोचून पुन्हा हालते केले. १९६० साली व्हिएन्नात एरिंगर आणि हॉर्निकिएविच यांनी कंपवाताने गेलेल्या रुग्णांच्या मेंदूंत, लेव्होडोपापासून बनणारे डोपामीन अत्यल्प उरल्याचे मोजून दाखवले. १९६७ साली अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी लेव्होडोपायुक्त डी,एल-डोपाची मात्रा धीराने वाढवत नेऊन रुग्णांत स्पष्ट सुधारणा घडवली. आणि १९७८ साली मुंबईत डॉ. अशोक वैद्य व त्यांचे सहकारी यांनी खाजकुइलीच उपचारार्थ वापरून कंपवाताच्या रुग्णांवरील तिचा परिणाम प्रसिद्ध केला. चाळीस वर्षांच्या या साखळीतील प्रत्येकाने आपल्या हातांनी मोजता येईल एवढाच प्रश्न घेतला आणि तो पुरता सोडवला, ही गोष्ट मेंदूच्या संशोधनाकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने प्रथम ध्यानी धरावी. (रानातली बी दळून घरच्या रुग्णास देण्याचा प्रयोग मात्र कोणीही करू नये, त्या बियांतील औषधाची मात्रा वेलीवेलीगणिक बदलते, आणि चालू गोळ्यांवर तिची भर पडली तर अपाय होतो.)

हा लेख नसरापूर आणि त्याच्या आसपासच्या भोर-वेल्ह्याच्या गावांतील अशा तरुण-तरुणींसाठी आहे, ज्यांनी जीवशास्त्र, रसायनशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र किंवा भौतिकशास्त्र यांपैकी एखाद्या विषयात पदवी मिळवली आहे किंवा ती मिळण्याच्या बेतात आहे, आणि मेंदूच्या पेशी व त्यांचे विकार यांवर पीएच.डी. करावी असे ज्यांच्या मनाने घेतले आहे. त्यांच्या आई-वडिलांनीही तो वाचावा, कारण या मार्गावरची निदान पाच-सहा वर्षे घरालाही सोसावी लागतात. असा विचार पुष्कळदा घरातल्या दुखण्यातून उगवतो. कोणाच्या आजोबांचे हात थरथरतात, कोणाच्या बहिणीला फिट येतात, कोणाच्या वडिलांच्या अंगावरून वारे गेलेले असते, आणि वैद्यकाला प्रवेश मिळाला नाही तरी या आजाराचे मूळ आपण शोधू, अशी प्रतिज्ञा मुलगा किंवा मुलगी मनोमन करते. या प्रतिज्ञेविषयी माझ्या मनात निखळ आदर आहे. कंटाळवाण्या महिन्यांत माणसाला प्रयोगशाळेत धरून ठेवणारी शक्ती हीच असते. परंतु प्रतिज्ञा आणि संशोधनाचा प्रश्न या दोन भिन्न वस्तू आहेत, आणि पहिलीचे दुसऱ्यात रूपांतर करण्याची विद्या आपल्या महाविद्यालयांतून फारशी शिकवली जात नाही.

कंपवाताचेच उदाहरण पुढे नेऊ. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात आणि त्यांच्या आधारास असणाऱ्या इतर पेशींची संख्याही जवळपास तेवढीच भरते. एवढ्या अफाट वस्तीतून कंपवात प्रामुख्याने मध्यमेंदूतल्या एका काळसर पट्ट्यातील डोपामीन तयार करणाऱ्या, संख्येने अवघ्या काही लाख असलेल्या पेशींवर घाला घालतो, आणि हातांचा कंप घरच्यांच्या नजरेस येईपर्यंत त्यांतील फार मोठा हिस्सा नाहीसा झालेला असतो. मग ‘याच पेशी का मरतात?’ असा प्रश्न उभा राहतो. हा प्रश्न सुंदर आहे, पण एका प्रबंधास तो पेलणार नाही. त्याला आणखी तासावे लागते. या पेशींचा अक्षतंतू अतिशय लांब आणि असंख्य फाटे फुटलेला असल्यामुळे त्यांना ऊर्जा अधिक लागते. ऊर्जा पुरवणारी तंतुकणिका अक्षतंतूतून टोकापर्यंत वाहून न्यावी लागते. आणि आल्फा-सायन्यूक्लीन या प्रथिनाच्या गुठळ्या रुग्णांच्या पेशींत आढळतात. आता प्रश्न असा होतो की या गुठळ्या असताना तंतुकणिकांची अक्षतंतूतील वाहतूक मंदावते काय, मंदावत असल्यास किती, आणि कोणत्या टप्प्यावर. इथे विद्यार्थ्याच्या हाती मोजमाप आले. सूक्ष्मदर्शकाखाली कणिकेचा वेग दर सेकंदाला अमुक इतका असे लिहिता येते, आणि उत्तर होकारार्थी येवो वा नकारार्थी, ज्ञानात भर पडते. माझा आग्रह असा आहे की अर्ज करण्यापूर्वी आपला प्रश्न एका मराठी वाक्यात लिहून पाहावा. वाक्यात काय मोजणार ते येत नसेल, तर प्रश्न अजून कच्चा आहे असे समजावे.

प्रश्न दूरदेशीच्या नियतकालिकांतूनच मिळतो, हा आणखी एक समज टाकून द्यावा. भोरहून वरंधा घाट उतरले की महाडचा मुलूख लागतो. तिथे बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली रुजू झालेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशाने तडफडणारी माणसे रात्र-रात्र खाटेशी बसून न्याहाळली, नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारठा यांच्या वेळेबरहुकूम नोंदी ठेवल्या, आणि त्या विषामुळे चेतातंतूंतील सोडियमची द्वारे उघडी राहून स्वायत्त चेतासंस्थेत जे वादळ उठते, त्यास प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे औषध उतारा ठरते, हे ‘लान्सेट’सारख्या नियतकालिकातून जगापुढे मांडले. दंशाने होणारे मृत्यू त्यामुळे झपाट्याने खाली आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बावस्करांचे काम पीएच.डी.साठी केलेले नव्हते, पण प्रश्नाची निवड आणि नोंदीची शिस्त यांचा याहून जवळचा धडा आपल्या भागास दुसरा मिळणार नाही. भातखाचरांतल्या मण्यारीविषयीही हेच म्हणता येते. तिच्याच कुळातील तैवानच्या एका मण्यारीच्या विषातून काढलेले बंगारोटॉक्सिन स्नायूंवरील एका विशिष्ट ग्राहीला इतके घट्ट चिकटते की त्याच्या आधारे १९७० च्या सुमारास तो ग्राही वेगळा काढता आला; १९७३ साली तो सशांना टोचल्यावर त्यांच्यात मायस्थेनिया ग्रॅव्हिससारखी दुर्बलता आली, आणि हा रोग शरीराच्या स्वतःच्याच प्रतिपिंडांमुळे होतो हे उमगले. ज्या विषाने आपल्याकडे पावसाळ्यात झोपेतच माणसे जातात, त्याच जातीच्या विषाने एका दुर्धर आजाराची उकल झाली.

प्रयोगशाळा निवडताना तिथे कोणता प्रश्न कोणत्या जीवावर सोडवला जातो हे पाहावे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. शुभा टोळे यांनी उंदराच्या गर्भातील मेंदू घडत असताना एलएचएक्स-२ हे एकच जनुक काय काम करते याचा छडा लावला. ते जनुक योग्य वेळी नसेल तर मेंदूचे बाह्यक होऊ घातलेल्या पेशी आपली वाट सोडून भलत्याच भूमिकेत शिरतात आणि शेजारच्या पेशींना स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पस घडवण्याची आज्ञा देऊ लागतात, हा निष्कर्ष २००८ साली ‘सायन्स’मध्ये आला. त्यांना २०१० साली भटनागर पारितोषिक आणि २०१४ साली इन्फोसिस पारितोषिक मिळाले. त्याच संस्थेतील प्रा. विदिता वैद्य (वर उल्लेखिलेल्या डॉ. अशोक वैद्यांच्या कन्या) यांच्या गटाने सिरोटोनिनमुळे बाह्यकातील चेतापेशींत तंतुकणिकांची संख्या वाढते हे २०१९ साली दाखवले. आणि नसरापूरपासून ज्या महामार्गाने आपण पुण्यास जातो, त्याच महामार्गाने वारजे ओलांडून पुढे गेले की पाषाणला २००६ साली स्थापन झालेली आयसर ही संस्था आहे. तिथे प्रा. अर्णब घोष यांचा गट कोंबडीच्या अंड्यांतील गर्भाच्या चेतापेशींवर काम करतो. वाढत्या अक्षतंतूच्या टोकाशी हाताच्या पंजासारखा पसरलेला, सतत चाचपडत पुढे सरकणारा जो भाग असतो, त्याला दिशा मिळण्यासाठी फॉर्मिन-२ हे प्रथिन कसे आवश्यक आहे हे त्यांनी शोधले, आणि याच प्रथिनाच्या जनुकातील दोष बौद्धिक अक्षमता असलेल्या काही कुटुंबांत आढळलेला आहे. प्रा. सुहिता नाडकर्णी त्याच संस्थेत संगणकावर चेतासंधींची गणिती प्रतिकृती उभी करून अल्झायमरसारख्या विकारांत कॅल्शियमचा हिशेब कुठे बिघडतो याचा विचार करतात. ज्याचे गणित बळकट आहे पण प्राण्यांवर प्रयोग करण्यास ज्याचे मन धजत नाही, त्याने हे दार अवश्य ठोठवावे. याखेरीज बंगळूरची निम्हान्स, जिथे १९९५ पासून मानवी मेंदूंची पेढी आहे, आणि हरयाणातील मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र ही दोन नावे विसरू नयेत.

आता प्रत्यक्ष पेशींविषयी. पुण्याच्या गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र देशभरच्या प्रयोगशाळांना पेशींचे वाण पुरवते, आणि कंपवातावरील असंख्य प्रबंध ज्यांवर लिहिले गेले त्या एसएच-एसवाय५वाय नावाच्या पेशी कोणत्याही प्रयोगशाळेत सहज आढळतात. या पेशी मूळ चार वर्षांच्या एका मुलीच्या अस्थिमज्जेतील कर्करोगाच्या आहेत. त्या स्वस्त आहेत, भराभर वाढतात, प्रयोग आठवड्यात उरकतो. आणि नेमके म्हणूनच त्यांच्यावर संपूर्ण प्रबंध बेतणे मला धोक्याचे वाटते, कारण ज्या पेशी अविरत विभागतात त्या पेशींत, ज्या एकदा घडल्यावर जन्मभर विभागत नाहीत त्या चेतापेशींच्या मृत्यूचे कारण शोधणे हे मुळातच आडवळणाचे आहे. आरंभीची चाचपणी त्यांच्यावर करावी. मुख्य निष्कर्ष मात्र खऱ्या चेतापेशींवर, प्राण्यावर, किंवा रुग्णाच्या त्वचेच्या वा रक्ताच्या पेशींपासून यामानाका या संशोधकाच्या रीतीने घडवलेल्या मूलपेशींवर तपासला जावा, एवढी तजवीज पहिल्याच वर्षी करून ठेवावी.

खऱ्या चेतापेशींचे संगोपन कसे असते हे अगोदर कल्पनेत आणणे हिताचे आहे. अठरा दिवसांच्या गर्भातील उंदराच्या हिप्पोकॅम्पसचा तीळभर तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली सोडवून घ्यायचा, विकराने त्यातील बंध सैल करायचे, काचेच्या बारीक नळीतून हलक्या हाताने वर-खाली ओढून पेशी सुट्या करायच्या, आणि पॉलिलायसिनचा लेप दिलेल्या काचेवर त्या पेरायच्या. आवणात दाढ विरळ पडली तर जसे तण माजते आणि दाट पडली तर रोपे एकमेकांस खातात, तशीच इथेही घनतेची नाजूक मर्यादा असते. पहिल्या काही तासांत पेशी काचेला धरून कडेने पसरते; दिवसभरात तिला तीन-चार आखूड कोंब फुटतात, जे सारे सारखेच दिसतात; दुसऱ्या दिवशी त्यांतला एकच कोंब अकस्मात इतरांना मागे टाकून लांबत जातो आणि अक्षतंतू होतो; चौथ्या दिवसापासून उरलेल्यांच्या वृक्षिका होऊ लागतात; आणि पुढच्या दोन-एक आठवड्यांत पेशी परस्परांशी चेतासंधी बांधून काचेवरच एक बोलके जाळे विणतात. त्या एका कोंबाची निवड कशी होते यावर कित्येक संशोधकांचे आयुष्य खर्ची पडले आहे. ज्याने हे दृश्य एकदा डोळ्यांनी पाहिले, त्याला आपण या क्षेत्रात का आलो हे निराळे सांगावे लागत नाही. पण या पेशींना सणवार ठाऊक नसतात. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीही त्यांचे पोषक द्रावण बदलावे लागते, आणि हवेतील बुरशीचा एक कण तीन आठवड्यांचे श्रम एका रात्रीत नासवतो. असे प्रत्येकाच्या वाट्यास येते. त्यावरून आपल्या लायकीविषयी कोणताही निष्कर्ष काढू नये.

मोजणीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण प्रबंध अधिक करून इथेच ढासळतात. समजा, तीन उंदरांपासून पेशी वाढवल्या आणि प्रत्येकाच्या शंभर पेशी मोजल्या. विद्यार्थी तीनशे हा आकडा घेऊन संख्याशास्त्राच्या सूत्रात घालतो आणि फरक निर्विवाद असल्याचे उत्तर निघते. वस्तुतः एकाच उंदराच्या शंभर पेशी एकमेकींच्या सख्ख्या आहेत, त्यांना शंभर स्वतंत्र साक्षीदार मानता येत नाही, आणि त्याच्याजवळ खऱ्या अर्थाने तीनच पुरावे आहेत. हा दोष नामांकित नियतकालिकांतील लेखांतही आढळतो. म्हणून किती प्राणी लागतील, कोणती चाचणी लावायची, कोणत्या कारणास्तव एखादी नोंद वगळायची, हे सारे प्रयोगापूर्वी लिहून त्यावर तारीख घालावी. मोजणाऱ्यास कोणती बशी औषधाची आणि कोणती बिनऔषधाची हे ठाऊक नसावे. बशांना सहकाऱ्याकडून सांकेतिक क्रमांक घालून घ्यावेत आणि मोजणी पुरी झाल्यावरच यादी उघडावी. नोंदवहीत फसलेल्या प्रयोगासही पान द्यावे. संख्याशास्त्राचा आणि संगणकीय आज्ञावलीचा प्राथमिक अभ्यास पदवीच्या वर्षांतच करून टाकावा, कारण प्रयोगाच्या धामधुमीत त्यास सवड होत नाही.

प्राण्यांवरील प्रत्येक प्रयोगास संस्थेच्या प्राणी नैतिक समितीची पूर्वमंजुरी लागते, आणि मानवी रक्त, ऊती किंवा रुग्णांची माहिती वापरायची तर आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे वेगळ्या समितीची. मंजुरीस महिने जातात. ते वेळापत्रकात धरावेत.

मार्गदर्शकाची निवड ही विषयाच्या निवडीहून वरचढ मानावी, असे माझे स्पष्ट मत आहे. विषय दुसऱ्या वर्षी बदलता येतो. मार्गदर्शक बदलणे हे मनस्तापाचे काम असते. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने चालवलेल्या शोधगंगा या संग्रहात देशातील विद्यापीठांचे प्रबंध विनामूल्य वाचावयास मिळतात. ज्यांच्याकडे जाण्याचा विचार आहे त्यांच्या विद्यार्थ्यांचे दोन-तीन प्रबंध तिथे किंवा संस्थेच्या ग्रंथालयात काढून पाहावेत. पद्धतीचे प्रकरण नीट लिहिलेले आहे काय, फसलेल्या गोष्टी मान्य केल्या आहेत काय, आणि विद्यार्थी किती वर्षांत मोकळा झाला, यांवरून पुष्कळ उमगते. मग सध्याच्या विद्यार्थ्यांशी, मार्गदर्शक समोर नसताना, बोलावे. आठवड्यातून भेट होते का, लेखावर नाव कोणाचे पहिले येते, आजारपणात रजा मिळते का, हे विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही. मार्गदर्शकांस पाठवायचे पत्र आटोपशीर असावे, आणि त्यांचा एखादा लेख खरोखर वाचून त्यातील एका आकृतीविषयी मनापासूनची शंका त्यात विचारलेली असावी. सर्वांना सारखेच पाठवलेले पत्र ओळखू येते आणि बाजूला पडते.

प्रवेशाची वाट नियमांची आहे आणि ती संक्षेपाने सांगता येते. बारावीनंतरच ज्याचा निश्चय झाला आहे त्याने आयसरच्या प्रवेशपरीक्षेचा विचार करावा. पदवीनंतर आयसर व टाटा संस्थेत एकात्मिक पीएच.डी.ची सोय आहे. एम.एस्सी.वाल्यांसाठी वर्षातून दोनदा होणारी सीएसआयआर-यूजीसी नेट, जैवतंत्रज्ञान विभागाची आणि आयसीएमआरची अधिछात्रवृत्ती परीक्षा, गेट, आणि टाटा संस्था व बंगळूरचे एनसीबीएस यांच्यासाठी साधारणतः डिसेंबरात होणारी जेजीईईबिल्स ही मुख्य दारे. नेटच्या जीवविज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेचा तिसरा भाग पाठांतराला दाद देत नाही. प्रयोगाची आकृती पाहून निष्कर्ष काढण्याचा सराव तिथे उपयोगी पडतो, आणि तो सराव आठवड्यास एक शोधलेख आकृतीआकृतीने वाचल्याशिवाय होत नाही. कनिष्ठ अधिछात्रवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये, शिवाय घरभाडे भत्ता, अशी आहे. राज्य सरकारच्या बार्टी, सारथी, महाज्योती आणि आदिवासी विभागाच्या संस्थेकडूनही त्या-त्या समाजघटकांतील संशोधकांस अधिछात्रवृत्ती मिळते. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ची किमान मुदत तीन वर्षे व कमाल सहा वर्षे असून स्त्रियांना आणि चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना दोन वर्षांची वाढीव सवलत आहे. पेशी वाढवणाऱ्या विषयात पाचाच्या आत कोणी सुटेल अशी अपेक्षा घरच्यांनी धरू नये. पैसे भरून आठ दिवसांत लेख छापून देणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहावे. प्रबंध दाखल करण्यापूर्वी लेख छापलाच पाहिजे अशी सक्ती २०२२ च्या नियमांनी ठेवलेली नाही.

नसरापूरहून पुणे पस्तीसेक किलोमीटर आहे, म्हणून रोज येऊन-जाऊन करू असा मोह होतो, आणि मुलीच्या बाबतीत तर घरचा आग्रहच असतो. माझी विनंती आहे की निदान पहिली तीन वर्षे वसतिगृहात राहावे. पेशींना रात्री दहाला द्रावण लागते, सूक्ष्मदर्शकाची पाळी पहाटेची मिळते, आणि चेलाडी फाट्यावर उतरण्यासाठी शेवटची गाडी गाठण्याच्या घाईत, खेड-शिवापूर आणि नवले पुलावरच्या कोंडीत, प्रयोगाचा व देहाचाही बळी जातो. वडिलांनी दर दिवाळीस ‘संपलं का?’ असे विचारण्याऐवजी ‘या वर्षी काय दिसलं?’ असे विचारावे. उत्तर देताना मुलालाही आपले काम स्वतःस उमगू लागते. नोकरीविषयी खोटा दिलासा मी देणार नाही. प्राध्यापकीच्या कायम जागा थोड्या आहेत. औषधकंपन्या, रोगनिदान, रुग्णचाचण्यांचे व्यवस्थापन, माहितीचे पृथक्करण या क्षेत्रांत जागा आहेत, आणि तिथे संख्याशास्त्र व स्वच्छ लेखन येणाऱ्यास मागणी आहे. म्हणून ही दोन कौशल्ये पीएच.डी.बरोबरच मिळवावीत.

आणि पेशींच्या नादात रुग्ण दृष्टिआड होऊ देऊ नये. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ हे कंपवाताच्या रुग्णांचे व त्यांच्या कुटुंबीयांचे मंडळ आहे. या विषयावर काम करणाऱ्याने परवानगी घेऊन त्यांच्या सभेस अधूनमधून जावे, मागच्या खुर्चीवर बसून ऐकावे. कंपापेक्षा सदऱ्याची गुंडी न लागणे, अंथरुणात कूस न बदलता येणे, गोळीचा अंमल सरताच पाऊल जमिनीस खिळणे, यांनीच माणूस अधिक खचतो, आणि यांतल्या बऱ्याच गोष्टी पाठ्यपुस्तकांत एका ओळीत उरकलेल्या असतात. असे ऐकून आलेल्या विद्यार्थ्याचे प्रश्न बदलतात.

राहिली कागदपत्रांची गोष्ट, जी क्षुल्लक वाटते आणि दरवर्षी कित्येकांची संधी घालवते. राज्याच्या अधिछात्रवृत्तींना जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि लागू असेल तिथे उन्नत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र लागते. केंद्रीय संस्था मात्र इतर मागासवर्गीयांचे प्रमाणपत्र केंद्राच्या वेगळ्या नमुन्यात मागतात, आणि राज्याच्या नमुन्यावरचा कागद मुलाखतीच्या दिवशी नाकारला जातो. हे सारे दाखले अर्जाची जाहिरात निघाल्यावर काढण्यास गेले तर मुदतीत हाती येत नाहीत. पदवीच्या शेवटच्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीत, नसरापूरच्या विद्यार्थ्याने भोरच्या आणि वेल्ह्याकडच्या विद्यार्थ्याने वेल्ह्याच्या तहसील कचेरीशी संबंधित सेतू केंद्रात अर्ज करून दोन्ही नमुन्यांतील दाखले घ्यावेत, नावाचे आणि आडनावाचे स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेशी ताडून पाहावे, फरक असल्यास तिथल्या तिथे दुरुस्ती मागावी, आणि मूळ प्रती घरी ठेवून साक्षांकित प्रतींचा एक संच आपल्याजवळ बाळगावा.